तिची बाटली भरलेलीच परत येते

प्रिय ताई,

"ड्युटीवर पाणी पेलं की उतरा लागते, अन् उतरलं की सारी गाडी पाह्यते, बाई कुठं चालली." हे तू म्हणाली होतीस, तेव्हा कंडक्टर होऊन तुला जेमतेम महिना झाला होता. आपण दोघी किती हसलो होतो!

तू गेल्यापासून तुझी पल्लवी माझ्याकडेच राहते. काल ती ड्युटीवरून आली आणि मी तिची बाटली धुवायला घेतली. सकाळी मीच भरून दिलेली बाटली जशीच्या तशी होती. वैशाखाचं ऊन, वाशीम ते रिसोड दिवसभराच्या फेऱ्या, आणि घोटभरही पाणी कमी झालेलं नाही! म्हणून आज तुला लिहायला बसले.

"काहून व, पाणी नाई पेली?"

"तहानच नाई लागत आता, मावशी. सवय झाली."

ताई, हे तर तुझं उत्तर. सूरसुद्धा तुझाच.

तुझी सूज आधी पापण्यांवर आली. मग पावलांवर आली, तेव्हा तू नव्या चपलेला दोष दिलास. लघवीला जळजळायचं, तर रात्री घरी धण्याचं पाणी प्यायचीस आणि सकाळपासून पुन्हा कोरडी. दोन्ही किडन्या गेल्या असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हाही तू मलाच विचारलंस, "एवढ्यानं असं होते का कुठं?"

एवढी कसली गं लाज? दारू पिऊन गोंधळ घालणाऱ्याला कॉलर धरून खाली उतरवायचीस तू! ड्रायव्हरला "पाच मिनिटं थांबा" एवढं म्हणवत नव्हतं?

तुझ्या तेराव्याला तेच ड्रायव्हरदादा आले होते. डोळे पुसत सगळ्यांसमोर म्हणाले, "बाईनं सोतासाठी एकदाही गाडी नाई थांबवली." लोकांनी माना डोलावल्या. मलाही भरून आलं. पल्लवी भिंतीला टेकून ऐकत होती. तुझ्या जागी तिला नोकरी लागली, तेव्हा ते कौतुकही ती सोबत घेऊन गेली. आपण तिला काय दिलं, हे तेव्हा कुणाला कळलं?

आज सकाळी ती वेणी घालत होती. आरशात मला तिच्या पापण्या दिसल्या.

"रात्री रडलीस का?"

"नाई व. झोप झाली नसन."

दवाखान्यात चल म्हटलं, तर बॅग खांद्याला लावत म्हणाली, "आईनं कधी दांडी मारली का?" आणि गेली.

ताई, उद्या मी तिच्याच गाडीत बसेन. वाटेत रिठदला गाडी थांबवायला मीच सांगेन, मोठ्यानं, सगळ्यांदेखत. बघू देत लोक! आणि फेरी संपली की थेट दवाखाना, ओढत न्यावं लागलं तरी. हा माझा शब्द.

पण ती माझं ऐकेल असं वाटत नाही. ती अजूनही तुझंच ऐकते, हीच तर भीती आहे. म्हणून एक मागते. आज तिच्या स्वप्नात ये आणि एवढंच म्हण, "पल्लवी, माह्यं चुकलं."

तू म्हणणार नाहीस, मला ठाऊक आहे. हे शब्द तुझ्या तोंडून आम्ही कधी ऐकलेच नाहीत. तरी म्हण ना, ताई. तिच्यासाठी.

तुझी धाकटी,
शोभा