निळं पेन, काळं पेन

शनिवार, संध्याकाळ. जेएलटी, दुबई.

आज माझ्या लेकीची, ईराची, तायक्वांदोची ग्रीन बेल्टची परीक्षा होती. नऊ वर्षांच्या पोरीने महिनाभर रोज आदर, सचोटी आणि संयम पाळला का, याचा एक तक्ता घरून न्यायचा असतो, आणि प्रत्येक दिवसापुढे पालकाची सही. कोरियाची परंपरा म्हणे! लॉबीत बघतो तर सगळे आईबाप मांडीवर कागद ठेवून तीस दिवसांच्या सचोटीवर एका दमात सह्या ठोकतायत. एक बाई तर नवऱ्याचीही सही करत होती. निर्लज्ज लेकाचे. शिसारी आली.

मी असला चव्हाट्यावरचा प्रकार करत नाही. मी काल घरीच केल्या होत्या. निळ्या आणि काळ्या पेनने आलटून पालटून, म्हणजे खऱ्या वाटतील.

आणि ईराने काय करावं? मास्टरांपुढे कमरेत वाकून सांगितलं, “सर, माय डॅड साइन्ड ऑल ऑफ इट यस्टरडे.”

मास्टर हसले. “नो प्रॉब्लेम, हबीबती. यल्ला, नेक्स्ट!” आणि दिला बेल्ट. हा गुरू! याची सचोटी भिंतीवरच्या फ्रेममध्ये, तेवढीच.

गाडीत मी भडकलो. दोन दोन पेनं वापरली होती, सांगायची काय गरज होती? घरी आल्यावर तिने नव्या बेल्टची नीट घडी घातली आणि माझ्या लॅपटॉपवर आणून ठेवली.

“इट्स युअर्स, बाबा. यू डिड द होमवर्क.”