सातव्या प्रश्नाचं उत्तर

बरखेडा, भोपाळ
बुधवार

प्रिय आशय,

तुमच्या जबलपूरच्या कॅम्पमध्ये फोन जमा करून घेतात, म्हणून हे पत्र तिकडे निघालेल्या मयूरच्या हातून पाठवते आहे. रविवारी तुझी निवडचाचणी, तोवर थांबणं शक्य नाही. आशय, तू धावायचं नाहीस. चाचणीत नाही, सरावाला नाही, कुणी पैज लावली तरी नाही. कपाळाला आठ्या घालून पत्र फेकू नकोस. ताईच्या अंगात नेहमीसारखं आलंय असं समज आणि पुढे वाच.

डिसेंबरमधली ती सकाळ आठव. माझ्या प्रबंधासाठी दहा धावणारी मुलं हवी होती, नऊ मिळाली होती. पोहे-जिलबीचं आमिष दाखवून तुला आमच्या व्यायामशास्त्राच्या लॅबमध्ये नेलं. वायरी चिकटवण्यासाठी छातीवरचे मोजून चार केस काढले, तर केवढा आरडाओरडा केलास! मग तोंडाला मास्क लावून तू ट्रेडमिलवर चढलास. दर तीन मिनिटांनी मी वेग वाढवत होते आणि तू थांबायचं नाव घेत नव्हतास. लॅबमधली माझी मैत्रीण नेहा कानाशी म्हणाली, "तेरा भाई तो घोड़ा है यार." मी अभिमानाने नुसती फुगले होते.

त्याआधी तू एक फॉर्म भरला होतास. वीस प्रश्न, हो किंवा नाही. आमच्याकडे सगळे काय करतात, वरपासून खालपर्यंत 'नाही'च्या रकान्यात टिक करत सुटतात, आणि आम्हीही न वाचता सही करतो. तू मात्र सातव्या प्रश्नाशी थांबलास. घरात कुणी पन्नाशीच्या आत हृदयाच्या त्रासाने अचानक गेलं आहे का? बाबांचा ताप यात धरायचा का, असं तू मला विचारलंस. मी म्हटलं, नाही. तू 'नाही'वर टिक केलीस. खाली माझी सही आहे.

चौदाव्या मिनिटाला पडद्यावर तुझे ठोके बिघडले. तीन रुंद, वेडेवाकडे ठोके, लागोपाठ. मग पुन्हा सगळं नीट. अशा वेळी चाचणी तिथेच थांबवायची, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. मी मात्र घामाने वायर सुटली असेल म्हणून ती दाबून बसवली आणि वेग वाढवला. मला दहावा आकडा पूर्ण हवा होता रे. माझ्या मार्गदर्शक सुलभा मॅडम शेजारच्या खोलीत होत्या, त्यांना हाकही मारली नाही. गेल्या शुक्रवारी आलेख काढताना तुझ्या ठोक्यांची तीच ईसीजीची पट्टी समोर आली आणि ती घेऊन मी मॅडमकडे धावले. मॅडमनी ती एका हृदयरोगतज्ज्ञांना दाखवली. पूर्ण तपासणी होईपर्यंत मुलाला पळू देऊ नका आणि घरचा इतिहास कळवा, असं त्यांनी सांगितलं.

तर घरचा इतिहास. बाबा तापाने गेले नाहीत. त्यांच्या कारखान्याच्या विभागांचे व्हॉलीबॉलचे सामने होते. मी अकरा वर्षांची, त्यांचा टॉवेल धरून मैदानाच्या कडेला उभी. बाबा सर्व्हिस करायला मागे गेले, चेंडू वर उडवला आणि मटकन खाली बसले. मला वाटलं गंमत करताहेत. लोक धावले तेव्हाही मी हसत होते. एकेचाळीस वर्षांचे होते ते. तू चार वर्षांचा, शेजारच्या मनोरमाकाकूंकडे झोपलेला. अंगात ताप असताना खेळायला गेले, तो डोक्यात गेला, असं आईने सगळ्यांना सांगितलं. घरात हृदयाचं दुखणं आहे म्हटल्यावर उद्या पोरांना स्थळं मिळायची नाहीत, ही तिला धास्ती. मला तिने शपथ घातली. तिच्यावर रागावू नकोस, बाबांच्या जागेवर नोकरी करून तिने आपल्याला वाढवलं. पण मी तर हेच शिकते आहे, आणि तरी ते खोटं तुझ्या हातून लिहून घेतलं. याची मला इतकी लाज वाटते की आरशात बघवत नाही.

काल आई ऑफिसातून आल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने चहा बाजूला सारला. मग म्हणाली, रविवार होऊ दे, निवड झाली की गुपचूप तपासून घेऊ, पोराने चार वर्षं घातलीत. खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं. तपासणीत काही निघणारही नाही कदाचित. मग तू जन्मभर ऐकवशील, मी ऐकून घेईन.

पण मी तुला ओळखते. हे वाचून तू डोळे पुसशील आणि रविवारी सगळ्यांच्या आधी मैदानावर हजर होशील. म्हणून तुला विचारत बसले नाही. मयूरजवळ अजून एक पाकीट होतं, तुमच्या कोचसाहेबांच्या नावाचं. त्यात ती पट्टी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे आणि बाबा कसे गेले तेही आहे. ते आधी द्यायचं आणि तुझं नंतर, असं मी त्याला बजावलं होतं. म्हणजे तू ही ओळ वाचतो आहेस तेव्हा यादीतून तुझं नाव गेलेलं आहे. ते मी घालवलं. माझ्याशी बोलू नकोस, राखीला येऊ नकोस. ऐंशी वर्षांचा होईपर्यंत माझ्यावर रागावून राहिलास तरी मला चालेल.

तुझीच,
संपदाताई