बांगड्यांवरची चिंधी

।। श्री सिद्धेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर, ता. ३ डिसेंबर १९७४

ती. गं. भा. सोजरअक्कास,
शि. सा. न. वि. वि.

बसूला घरी आणून आठवडा झाला. मी तापानं पडले तेव्हा महिनाभर माझं लेकरू तू सांभाळलंस, तुझे उपकार आहेत. पण खरं सांगू? माझा जीव जळतोय. चार वर्षांचा झाला तरी बोलत नाही, माणसाकडं बघत नाही, ते सगळं मी सोसलं. पण तुझ्या मांडीवर गपगुमान झोपणारा पोरगा मी हात लावला की किंचाळून कोपऱ्यात पळतो, हे सोसत नाही. सासूबाई म्हणाल्या, पोराला मावशीचाच लळा आहे. मी मोरीत जाऊन रडले.

तान्हा असताना माझ्या बांगड्या वाजल्या की दूध सोडून हसायचा. म्हणून परवा दोन्ही हात भरून बांगड्या भरल्या आणि त्याच्यापुढं वाजवत बसले. त्यानं भिंतीवर डोकं आपटून घेतलं. काय शिकवलंस गं त्याला? सध्या इकडं येऊ नकोस. राग आला तर येऊ दे.

तुझीच,
महानंदा

मंद्रूप, ता. ९ डिसेंबर १९७४

चि. सौ. महानंदा हिस अ. उ. आ.

पत्र वाचून आधी लई राग आला, मग हसू आलं. अगं येडे, मी काय शिकवणार? लहानपणी माझ्या परकराचा हेवा करायचीस, आता माझ्या मांडीचा करतीस व्हय?

बसू हितं असताना कासार दारात आला. शेजारच्या बाया बांगड्या भरायला बसल्या. मालक गेल्यापासून कासार आला की मी आत जाते, तुला ठाऊक हाय. त्या दिवशी माझ्यामागं बसूबी पळत आला, दोन्ही कान दाबून, आणि कणगीमागं दडला. मी दार लोटलं. आवाज थांबला तसा आपणहून मांडीत शिरला. तवा माझ्या ध्यानात आलं. पोरगं मावशीकडं येत न्हाय गं, बांगड्या नसलेल्या हाताकडं येतंय. तान्हेपणी गोड लागलेला आवाज आता त्याला टोचत आसंल. उद्या पुन्हा बदलंल, बघत राहा.

त्याच्या अंगावर हात नुसता फिरवू नकोस, घट्ट ठेव. आणि बांगड्या उतरवू नकोस. सासूबाई तोंड सोडतील, आणि मलाबी बरं वाटणार न्हाय. मला कुणाचा हेवा वाटतो ते इचारू नकोस.

पोराच्या कानाला जप.

तुझी अक्का,
सोजर

सोलापूर, ता. २ जानेवारी १९७५

ती. गं. भा. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं जुनं लुगडं माझ्याकडं होतं, त्याच्या चिंध्या फाडून दोन्ही हातांच्या बांगड्या गुंडाळल्या. सवाशिणीला हे शोभत नाही, असं सासूबाईंनी सुनावलं. ह्यांनी पहिल्यांदाच माझी बाजू घेतली. बसू आधी नुसता लांबून बघायचा. काल मी चुलीपुढं बसले होते, तर मागून आला आणि माझ्या पाठीला पाठ लावून बसला. मी हळूच हात मागं नेला, तू लिहिलंस तसा घट्ट ठेवला. तो उठला नाही. अक्का, तव्यावर भाकरी जळून धूर झाला, पण मीसुद्धा उठले नाही.

आता चिंधीत बोट घालून एक बांगडी गोल फिरवत बसतो, अजिबात वाजू देत नाही. हे त्याचं त्यानं काढलंय, तुझ्याकडचं नाही, ध्यानात ठेव.

गड्ड्याच्या यात्रेला ये. तिथला गोंगाट त्याला झेपायचा नाही, आपण तिघं घरीच बसू. पण आल्या आल्या त्याला मांडीवर घेऊ नकोस. माझं अजून पोट भरलेलं नाही.

माझ्यावर लोभ ठेव, बसूवर जरा कमी ठेवलास तरी चालेल.

तुझी,
महानंदा