'ओले मोजे' आणि खर्जातला बाप्या

हल, ४ जानेवारी १९८०

ती. एडनाआत्यास, जॅनिसचा सा. न. वि. वि.

आत्या, आमची तबकडी निघाली! बँडचं नाव 'ओले मोजे'. टेरी गिटारवर, नेव्हिल ड्रमवर आणि गळा माझा. कुठलीच कंपनी दारात उभी करीना, म्हणून आम्हीच पाचशे प्रती काढल्या. पाकिटं स्वयंपाकघरात चिकटवली, त्यामुळे लापशीला डिंकाचा वास येतो म्हणून बाबा धुमसताहेत. त्यांनी निक्षून सांगितलंय, ईस्टरपर्यंत कुणी विचारलं तर ठीक, नाहीतर गाणं बंद आणि नर्सिंगला जायचं. स्वतः चॅपलमध्ये दर रविवारी खर्जात गातात, पण माझं एक गाणं ऐकतील तर शपथ! मंगळवारी संध्याकाळी आम्ही रेडिओवर आहोत. नक्की ऐक.

तुझी लाडकी,
जॅनिस

व्हिटबी, ९ जानेवारी

चि. जॅनिस, अ. उ. आ.

ऐकलं! दोन्ही भाडेकरूंना चहावरून उठवून रेडिओसमोर बसवलं. गाणं झकास, पण तो भारदस्त आवाजाचा बाप्या कोण? तुला कुठं दडवलं होतं? निवेदक तर त्याच्यावर लट्टूच झाला. लग्नाबिग्नाचं काही असेल तर आधी मला कळव. माझा गुडघा बरा आहे.

माया आहेच,
एडनाआत्या

हल, १२ जानेवारी

ती. आत्यास सा. न.

अगं, तो बाप्या मीच! मोठ्या तबकड्या मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगानं वाजवतात. आमची मोठी असूनही पंचेचाळीसची होती, आणि ते लेबलवर लिहायचंच राहिलं! माझी भिंगरी रेडिओवर मुंगीच्या पावलांनी चालली आणि आवाज थेट खर्जात गेला. आता पार लीड्सहून बोलावणी येताहेत, पण सगळ्यांना तो बाप्याच हवाय. टेरी म्हणतो, खरं सांगितलं तर हसं होईल. रेडिओ लागला तेव्हा बाबा बटाटे सोलत होते. आवाज हुबेहूब त्यांचाच! आपण हे कधी गायलो, असं त्यांनी घाबरून मलाच विचारलं! मी हसावं की रडावं?

तुझी वेडी,
जॅनिस

व्हिटबी, १५ जानेवारी

चि. जॅनिसला आशीर्वाद.

रडतेस कशाला, बापालाच माइकपुढं उभा कर! क्लिफला तरुणपणी डान्स बँडमध्ये गायचं होतं. आमच्या आईनं त्याचा कोट कुलपात घातला नि हा मुकाट बसचा ड्रायव्हर झाला. तुझ्यावर डाफरतो तो त्याच जुन्या दुखण्यापायी. नाही म्हणाला तर माझं नाव सांग.

तुझी,
एडनाआत्या

हल, १८ मार्च

ती. आत्यास साष्टांग, आणि एक गालगुच्चा!

बाबा उभे राहिले! चॅपलचा सूट, टाय, हात मागे. पाच कार्यक्रम झाले आणि लोक खुळे झाले. नेव्हिलला एवढं सावकाश वाजवता येईना, म्हणून तो मध्ये सँडविच खायचा. मी मागे खुळखुळा वाजवत उभी. माझंच गाणं, आणि मीच बिनपगारी खुळखुळेवाली! आतल्या आत फार जळले, आत्या.

शनिवारी लीड्सला बाबा अर्ध्या गाण्यात थांबले. हे गाणं माझ्या पोरीचं आहे, आता ती गाते तसं ऐका, असं सांगून त्यांनी माइक माझ्या हातात दिला. मी गायले, पंचेचाळीसच्या वेगानं! अर्धी गर्दी बिअर आणायला गेली. परतीच्या व्हॅनमध्ये चिप्स खाता खाता आम्ही हसत हसत बँड मोडला. नर्सिंगचा अर्ज टाकलाय, मीच, कुणी न सांगता. पण ती चार मिनिटं रिकाम्या झालेल्या जागेत एकटे बाबा नाचत होते गं, टाय खांद्यावर टाकून, आणि माझं गाणं त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं.

अशीच जीव लावत राहा.
तुझी,
जॅनिस