सासू मरता कामा नये

३ मार्च, सोमवार
चार माणसं खुर्चीत बसून कागद वाचत्यात आणि त्याला नाटक म्हणायचं. पडदा न्हाय, रंग न्हाय, पेटी न्हाय. त्यातली एक बाई मेली तरी बसून पाणी पीत होती. आणि ह्यासाठी माझं कांडप बंद. ऐन चटणीच्या सीझनला, रविवारी संध्याकाळी. खाली माझी मिरची कांडायची मशीन, वर हॉल, ही काय माझी चूक? सोमशेखर म्हणून त्या नाटकवाल्यांचा दाढीवाला डायरेक्टर हाय, तो हात जोडून आलता. काकी, नवीन नाटकाचं वाचन हाय, मशीन बंद ठेवा, फुकट हाय, तुम्ही पण या. मशीन बंद केली आणि भांडायला म्हणून वर गेलतो, ते बसलोच. सुनेला, अनुजाला, पिशवी धरायला नेलं.
नाटक सासू-सुनेचं. सासू तोंडानं कडक पण मनानं सोनं. हुबेहूब मी. आणि दुसऱ्या अंकात मारली की तिला.
संपल्यावर सोमशेखर म्हणाला, हे अजून कच्चं हाय, लोकांचं ऐकून आम्ही बदलणार, मनमोकळं बोला. मनमोकळं बोल म्हणून मला आजवर कुणी सांगायला लागलं न्हाय. तरी लोक वाट बघत होते म्हणून उठलो. सासू मरता कामा नये, एवढंच सांगितलं. परत परत सांगितलं. त्यानं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.
तेव्हाच कळलं, सासूचं काम मलाच देणार.

५ मार्च
आजपासनं आवाज जपायचा. तिखट बंद. आणि काम मिळालंय हे कुणाला बोलायचं न्हाय.
संध्याकाळी मिसळ खाल्ली. एकच प्लेट. इचलकरंजीच्या बहिणीला, धोंडुबाईला, फोन केला. टेम्पो करून सगळी गल्ली घेऊन येतो म्हणाली. बहिणीपासनं काय लपवायचं.

९ मार्च, रविवार
दुसरं वाचन. मशीन माझी मीच बंद केली. वाचन सुरू व्हायला आलतं, मग कांडपाचं लुगडं बदलायला वेळ कुठला, तशीच गेलो आणि पहिल्या ओळीत बसलो. लोकांनी मानानं आजूबाजूच्या खुर्च्या सोडल्या, पार मागं जाऊन बसले.
नाटकात दम हाय. पहिल्याच पानाला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. सुनेचं वाचणाऱ्या पोरीला तर हुंदका आवरंना, नाकाला रुमाल लावून बाहेर पळाली.
सासू अजून मरतीच. आता पहिल्या अंकातच मरती. सुधारायला वेळ लागतो.
दोनच मिनिटं बोलायचं ठरवलं होतं. अनुजा म्हणती, आत्या, नाटकापेक्षा तुमचं लांबलं. तिचं घड्याळ पुढं हाय.

१२ मार्च
घरात प्रॅक्टिस. अनुजाला म्हटलं, तू सून हो. चहा पातळ झाला इथनं मी सुरू केलं. भांडी झाली, माहेर झालं, तिच्या आईचा स्वभाव झाला. थोड्या वेळानं तिनं विचारलं, आत्या, ह्यातलं नाटकातलं कुठलं आणि खरं कुठलं? आमचे हे पेपरच्या मागनं म्हणाले, फरक काय हाय?
कलावंताला घरात किंमत नसती.

१६ मार्च, रविवार
तिसरं वाचन. हुंदकेवाली पोरगी आली न्हाय, घसा बसला म्हणं. सोमशेखरनं अनुजापुढं कागद धरला, सुनेचं तुम्ही वाचता का वैनी. मी म्हटलं वाच की, कागद बघून तर वाचायचंय.
मग चर्चा. मी उठणार एवढ्यात सोमशेखर पळत आला, काकी, खाली गिऱ्हाईक आलंय, लई घाईत हाय. माझ्या धंद्याची किती काळजी पोराला. खाली गेलो तर कोण न्हाय. बराच वेळ थांबलो. परत वर आलो तर टाळ्या चाललेल्या आणि मधी अनुजा उभी. काय बोललीस विचारलं तर म्हणाली, तुमचंच सांगितलं आत्या, थोडक्यात. सासू मरायला नको, असंच ना, मी विचारलं. तसंच कायतरी, म्हणाली.
सोमशेखर सगळ्यांना सांगत होता, आता नाटक सापडलं. शेवटी माझंच पटलं.

२० मार्च
हिरवं जरीकाठी लुगडं घेतलं. चप्पल करायला टाकली. चांभाराला सांगितलं, मागच्या खुर्चीपर्यंत करकर ऐकू गेली पाहिजे.
दुपारी सोमशेखर आला. काकी, तुमचा एक चांगला फोटो पाहिजे, जरा कडक चेहऱ्याचा. कशाला ते बोलला न्हाय, पण पोस्टरशिवाय फोटो कशाला लागतो? धोंडुबाईला फोन केला, दोन टेम्पो कर.

३० मार्च, पाडवा
शेवटचं वाचन. आज सासू मरत न्हाय, हे मान्य करायला पाहिजे. पडदा उघडायच्या आधीच मेलेली हाय. भिंतीवर फोटो, फोटोला हार. फोटो माझा.
सून त्या फोटोपुढं उभी राहून आयुष्यभराचं साठलेलं बोलती. चहापासनंच सुरुवात. अनुजानं वाचलं. ते काम आता तीच करणार म्हणं. एकदा अडखळली न्हाय. नंतर नंतर तर कागदाकडं बघितलं पण न्हाय.
लोक रडले. मशीन आज सकाळपासनं बंद होती, मी अंघोळ करून नवं लुगडं नेसून गेलतो. तरी रडले. माझ्या पण डोळ्यात कायतरी गेलं.
घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, सासू नाटकभर गप्पच? व्हय म्हटलं. तर सगळे प्रयोग तिकीट काढून बघतो म्हणाले.

३१ मार्च
शांतपणे विचार केला. सून मधनं मधनं आत जाती, फोटो कुठं जात न्हाय. म्हणजे मेन रोल माझाच हाय.
पण दोन टेम्पो भरून माणसं येणार, आणि मी खिळ्याला. चप्पल करकरती, फोटोत पायच न्हायत. शिवाय सून एवढं बोलल्यावर सासूनं उलटून एक तरी वाक्य बोलायला पाहिजे. मेली म्हणून काय झालं?
अनुजाकडनंच सोमशेखरला निरोप धाडला. ती सांगतो म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. चहा मात्र आज दाट होता.
तालमी वरच्याच हॉलमधे हायत, आणि माझ्याकडं लवंगी मिरचीची दोन पोती कांडायची पडल्यात, हे पण निरोपात घातलंय. फोटो बोलणार का न्हाय, बुधवारपर्यंत उत्तर पाहिजे.