चार नंबरची बशी

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
लेकीच्या रिसेप्शनला अठ्ठावीस दिवस. हॉल ठरला, पाहुण्यांची यादी ठरली. उरला केक आणि गोडाचे टेबल. हे खाते मी स्वतःकडे घेतले आहे. तीस वर्षे विद्यापीठाचा मुख्य परीक्षक राहिलेल्या माणसाला केक निवडणे जड जाऊ नये.
लेक मात्र म्हणाली, आधी पप्पांना विचारू या, त्यांना त्यातलं कळतं. पप्पा म्हणजे व्याही. लग्न ठरून पुरते तीन महिने झाले नाहीत, तोवर पप्पा. मला बाबा व्हायला नऊ महिने वाट पाहावी लागली होती.
संकल्प : मत्सर करायचा नाही. (मुळात तो नाहीच.)

६ नोव्हेंबर
व्याही निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर पूल बांधले. आता वेळ जात नाही म्हणून केक करतात. रिसेप्शनचाही तेच करणार म्हणे. भार पेलणाऱ्या आणि फुगणाऱ्या अशा दोन्ही गोष्टींवर एकाच माणसाची हुकमत असू शकत नाही.
लेक सलग तिसऱ्या रविवारी त्यांच्याकडे. काय करतेस, विचारले. काही नाही, असंच. केसांत पीठ होते. लग्नाआधीच मुलीला कामाला जुंपले आहे, असे मी हिला सांगितले. ही म्हणाली, तुम्ही गोळी घेतलीत का?
घेतली. माझी साखर वर दाखवणारे लॅबचे यंत्र मी कधीच विश्वासार्ह मानलेले नाही.

१० नोव्हेंबर
उपाय सापडला. निनावी परीक्षण. पाच बश्या, पाच नंबर. करणाऱ्यांची नावे हिच्याकडे बंद पाकिटात. सर्वाधिक गुण मिळवणारा केक रिसेप्शनला कापायचा. तीन बेकऱ्या, चौथे व्याही. पाचवे कोण, विचारले; ही म्हणाली, आहे एक होतकरू.
एकूण पन्नास गुण. रूप दहा, पोत दहा, तोल दहा, गोडी वीस. नियम सातवा, जाड अक्षरांत : निकाल अंतिम राहील; फेरतपासणी नाही. व्याह्यांना पळवाट नको.
त्यांना फोनवर सगळे नियम वाचून दाखवले. मजा येईल, म्हणाले. बिचारे.

१५ नोव्हेंबर, सायं. ५.००
परीक्षण पार पडले. प्रत्येक बशीतला एकेकच चमचा खाल्ला. ही शेजारी उभी राहून मोजत होती.
दोन नंबर : कसलेला, व्यावसायिक हात. शेहेचाळीस. इतके गुण मी गेल्या दहा वर्षांत कुणाला दिलेले नाहीत.
चार नंबर पाहताक्षणी ओळखला. डावीकडे अर्धा सेंटिमीटर कललेला (मोजला), क्रीम भिंतीला गिलावा केल्यासारखे. पुलाचा माणूस लपत नाही. अकरा. शेरा मुद्दाम मोठ्याने वाचला : गोडी नाममात्र. करणाऱ्याने साखरेशी वैर धरलेले दिसते. हौस आणि कौशल्य यांतला फरक त्याला कुणीतरी आपुलकीने समजावून सांगावा.
व्याही हसले नाहीत. लेकीकडे पाहत राहिले. वर्मी लागले असावे. लेक पाणी आणायला म्हणून आत गेली.

५.४०
पाकीट उघडले. दोन नंबर व्याही. चार नंबर लेक.

५.५५
लेक अजून आतच आहे. ही म्हणते, इतके रविवार ती केकच शिकत होती. स्वतःच्या रिसेप्शनला बाबांना निदान एक तुकडा तरी खाता यावा, म्हणून साखर कमी. व्याही तिला म्हणाले होते, तुझा पहिला आला तर मला आनंदच आहे.

१६ नोव्हेंबर
लेकीकडे फेरतपासणीची तोंडी विनंती केली. तिने नियम सातवा दाखवला. अक्षर माझेच. वर म्हणाली, बाबा, तू बरोबरच तपासलंस, मला अजून जमत नाही. ती चिडली असती तर मला उत्तर देता आले असते.
व्याह्यांचा फोन. मी माघार घेऊ का, असे विचारत होते. या गृहस्थाचा समजूतदारपणा मला असह्य होतो.

१ डिसेंबर
रिसेप्शन. तीन मजली केक, ओळंब्यात सरळ. टेबलावर टार्ट, पुडिंग, मूस. ही माझ्या मागे. मी सफरचंदाच्या दोन फोडी खाल्ल्या.
लेकीने पहिला तुकडा पप्पांना भरवला. दुसरा घेऊन माझ्याकडे वळली, थांबली, आणि तो हिला दिला.

२ डिसेंबर, सकाळी ११.००
फ्रीझरमध्ये, वाटाण्यांच्या मागे, चार नंबरचा उरलेला केक सापडला. शास्त्रशुद्ध पुनर्विचारासाठी चाखला. गोडी अजूनही कमी. कल तसाच. गुण वाढवण्यास आधार नाही. खात्री व्हावी म्हणून आणखी तीनदा तपासला. डबा रिकामा.

११.३०
पुढचा कधी करणार, हे विचारायला लेकीला फोन केला. पप्पांनी उचलला. ती दमून झोपली आहे, म्हणाले. पण कृती मी शिकवतो, अवघड नाही, रविवारी दहाला या.
जाणार आहे. अर्थात, परीक्षक म्हणून. त्यांनी एप्रन स्वतःचा आणायला सांगितला आहे.