कॅलेंडरवरचा पासवर्ड

१२ जाने., सोम.
आज पुन्हा क्लासच्या मेलने पासवर्ड विचारला. सलग पाचवी सकाळ. 'लक्षात ठेवा'च्या चौकटीत खूण करते, प्रोग्राम बंद करून परत उघडते, तर चौकट कोरी. खातं पुसून नव्याने भरलं. तेच.

पासवर्ड फक्त सरांना आणि ढेबेकाकांना माहीत. मी टायपिस्ट, मला नाही. म्हणून दर वेळी काका हजेरीच्या टेबलावरून उठून येतात, चष्मा लावतात, एका बोटाने एकेक अक्षर शोधतात. तेवढा वेळ मी भिंतीकडे बघते. "बघितलंस तर काय आंधळी हुशील व्हय?" काका म्हणतात. तरी भिंतीकडेच.

दुपारी पत्त्यांच्या यादीत नवे पत्ते भरले. पुण्याचा छापखाना. आमच्या वेल्हे शाखेचे दोन: 'वेल्हे ऑफिस' आणि 'वेल्हे सराव'. सराव म्हणजे तिथली मुलं मेल करायला शिकतात ती पेटी, सगळ्यांना उघडता येते. एकाखाली एक आले. दोनदा तपासले.

१४, बुध.
काकांचा पासवर्ड तीनदा चुकला. सर मागे उभे, दारात दहावीची बॅच.
"ढेबे, तहसीलमध्ये जन्मभर काय केलंत? शिक्के मारलेत? एक शब्द लक्षात राहत नाही. हा डबा आणि तुम्ही, दोघं सारखेच."
मुलं हसली. काकाही हसले. मीसुद्धा. का, माहीत नाही.

सर गेल्यावर काकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, आजच्या चौकोनात, चहाच्या दुधाची नोंद असते तिच्याखाली बारीक अक्षरात पासवर्ड लिहिला. मी मान वळवली.
"काका, तिथे नका लिहू."
"अगं, आमच्यात म्हस कधी व्यायली ते बी कॅलिंडरावरच असतंय. कोन वाचतंय?"

१६, शुक्र.
उपाय सापडला. सायबर कॅफेत बसून शोधला. मशीन आत ज्या जागी पासवर्ड कुलूपबंद ठेवतं ती जागाच बिघडलेली असते. रजिस्ट्री, म्हणजे मशीनची आतली नोंदवही, उघडायची, ती एक नोंद शोधायची, आधी तिची प्रत काढायची, मग पुसायची, मशीन पुन्हा सुरू करायचं. नवी जागा ते आपोआप बनवतं. पान छापून आणलं.

सरांना विचारलं.
"घड्याळजीची मुलगी ना तू. दिसला स्क्रू की काढ. पुण्याहून माणूस येईल, तोपर्यंत हात लावायचा नाही."
काका म्हणाले, "कर की गुपचूप. त्याला काय कळतंय?"
नाही केलं. कागद पर्समध्ये.
काकांनी संक्रांतीचा तिळगूळ आणला होता. नात सुरेखाने वळलेला, दगडासारखा. "दात पडला तर मला सांगू नगं," म्हणाले. ती आमच्याच वेल्ह्याच्या बॅचला, दहावीला. काका इथे कामाला आहेत म्हणून सरांनी घेतली. तिच्यासाठीच ते या वयात दोन गाड्या बदलून भोरला येतात.

१८, रवि.
दिवसभर अब्बांच्या दुकानात. शाळेत घालण्याआधी तीन वर्षं याच काउंटरमागे त्यांनी मला लिहायला-वाचायला शिकवलं. अक्षरांच्याही आधी हे: दुसऱ्याचं घड्याळ उघडलं की आत जे दिसेल ते आतच ठेवायचं. विचारलं तर खरं सांगायचं. नाही विचारलं तर गप्प.
दुपारी जेवायला घरी जाताना क्लासपुढे सरांची गाडी दिसली. रविवारीही काम करतात.

२०, मंगळ.
प्रिलिम सुरू. पहिलाच पेपर गणिताचा. अकराला वेल्ह्याहून फोन. पोरांना कालपासून सगळी गणितं ठाऊक, काहींनी उत्तरं पाठ करून आणली.
पेपर सर स्वतःच छापखान्याला मेल करतात. फोन आपटून म्हणाले, "मेलमधूनच गेलाय. उद्या बघतो एकेकाला."
मला उगाचच वाटत राहिलं की माझंच काहीतरी...

२१, बुध.
सरांनी आम्हा दोघांना उभं केलं. आधी मला.
"पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय?"
काका माझ्याकडे बघत नव्हते, हजेरीच्या वहीकडे बघत होते. मी कॅलेंडर दाखवलं.
"कुणी लिहिला?"
"काकांनी."
"यांची नात वेल्ह्याच्या बॅचला?"
"हो. सुरेखा."
तिन्ही उत्तरं खरी.

"म्हणजे नातीसाठी. वा ढेबे. पासवर्ड लक्षात राहत नाही, चोरी बरोबर राहते."
"साहेब, म्या न्हाई. पोरीच्या डोक्यावर हात ठिवून सांगतो."
"पोरीलाही घेऊन जा. दोघांची नावं कमी."
बोर्डाच्या परीक्षेला दीड महिनाही नाही.

सरांनी जानेवारीचं पान टरकन फाडून घेतलं. भिंतीवर आता फेब्रुवारी.
काका छत्री घेऊन निघाले. दारात थांबून मला म्हणाले, "खरं त्येच सांगितलंस. तुझा बा बी असाच हाय." शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी येताना पहिलं काय वाटलं, तर बरं झालं आपल्याला पासवर्ड माहीत नव्हता. हेच पहिलं. लिहून ठेवते.

२३, शुक्र.
नवा पासवर्ड आता एकट्या सरांकडे. काल चार वेळा वर्ग सोडून मेल उघडून द्यायला यावं लागलं. आज दुसऱ्याच वेळी वैतागले.
"तो कागद आहे ना तुझ्याकडे? कर."
नोंद शोधली. प्रत काढली. पुसली. मशीन पुन्हा सुरू. सरांनी पासवर्ड टाकला, मी चौकटीत खूण केली. बंद केलं, उघडलं. विचारलं नाही. परत बंद, परत उघडलं. नाही विचारलं.
बारा मिनिटं लागली सगळी. आठवड्यापूर्वीही बाराच लागली असती.

सर वर्गावर गेले. मी छापखान्याला चाचणीचा मेल पाठवला. गेला का, हे बघायला 'पाठवलेले' उघडलं. एरवी तिथे मी जात नाही, ती दुसऱ्याची पत्रं. वरून चौथी ओळ: १८ तारीख, रविवार, दुपार. गणिताचा पेपर. पत्ते दोन. छापखाना आणि वेल्हे सराव.
एक प्रत वेल्हे ऑफिसला पाठवायची असणार. टिचकी एक ओळ खाली पडली. यादी मी केलेली. एकाखाली एक.
त्या मेलचं पान छापलं. का छापलं, सांगता येत नाही.

२४, शनि.
सुरेखा आली. काकांचा चष्मा खणात राहिला होता तो न्यायला. सरांनी तिला वर्गाच्या दारात थांबवलं. "नीट बघून घ्या रे. चोरून पास होणारे असे दिसतात." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हैस ओरडल्यासारखा आवाज काढला. ती पायातल्या चपलांकडे बघत राहिली.

मग माझ्या टेबलाशी आली. हळू म्हणाली, "ताई, आज्यानं खरंच पेपर चोरला का वो? घरी कुनी बोलत न्हाई. आजा गुरं घिऊन डोंगरात जातोय, सांजच्याला येतोय. जेवत बी न्हाई धड."

मला विचारलं तिने. सरळ विचारलं.
सर दारात उभे होते.
मी म्हणाले, "चष्म्याची काडी सैल झालीय. अब्बांकडून आवळून देते."
तिची एसटी निघायची वेळ झाली होती. चष्म्याशिवाय गेली.

२७, मंगळ.
मेल चार दिवस नीट. सकाळी सरांनी विचारलं, "सगळं ठीक ना?"
"मेल ठीक चाललाय, सर."
"हजेरीचं टेबल पण तूच बघ आता. विश्वासाचं माणूस पाहिजे तिथे."
बसले. खणात तिळगुळाचा एक लाडू निघाला, मुंग्या लागलेला. तारीख लिहायला भिंतीकडे पाहिलं तर फेब्रुवारी.

संध्याकाळी अब्बांनी काडी आवळली, काचा पुसल्या. "कुणाचा?" विचारलं. "ढेबेकाकांचा." पुढे काही विचारलं नाही. मी तिथेच उभी राहिले थोडा वेळ. त्यांनी पुढचं घड्याळ उघडलं.

उद्या विज्ञानाच्या पेपरचे गठ्ठे घेऊन वेल्ह्याला मलाच जायचंय. सव्वानवाची एसटी. पर्समध्ये चष्मा आणि ते पान. काकांच्या वाडीचा फाटा वेल्ह्याच्या अलीकडे लागतो, आधी सांगितलं तरच गाडी थांबते.
कंडक्टर विचारेल, कुठलं तिकीट.